पेट्रोलवर चालणारा लोखंड कापण्याचा कटर : मांडणी व पेटवणी

शेतीच्या धंद्यांत लाकडाची जागा लोखंडानें घेतल्याला बराच काळ लोटला. नांगर, कुळव, पाभर, ट्रॅक्टरची ट्रॉली, पंपाखालची चौकट, गोठ्याचे खांब, जिकडे पाहावें तिकडे लोखंडच आहे; आणि लोखंड आलें म्हणजे तें कापणें व जोडणें हेंही आलें. मोडलेल्या ट्रॉलीची चौकट कापण्याकरितां ती तालुक्याच्या गांवीं न्यावी, तर वाहतुकीचें भाडें कामाच्या मजुरीहून जड होतें. म्हणून कापण्याचें साधन घरींच असावें, असें मोठ्या बागाईतदारास वाटल्यास त्यांत नवल नाहीं. ॲसिटिलीन वायूचा सिलिंडर भरून देणारें ठिकाण बहुधा दूर असतें. पेट्रोल मात्र जवळच्या पंपावर मिळतें. यामुळें पेट्रोल व प्राणवायु यांवर चालणाऱ्या कटरकडे लक्ष जाणें साहजिक आहे.

साधन उपयोगी आहे यांत शंका नाहीं. तथापि तें विकत घेणाऱ्याच्या हातांत जुन्या स्टोची संवय असते, आणि ज्या इसमास तो कामावर लावतो त्याच्या हातांत बहुधा ॲसिटिलीनच्या टॉर्चची संवय असते. या दोन्ही संवयी पेट्रोलच्या कटरला जशाच्या तशा लागू पडत नाहींत. सबब मांडणी व पेटवणी यांचा क्रम, आणि तो तसा कां, हें समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं, कटरची ज्योत लोखंड वितळविते व त्यामुळें तें तुटतें. वस्तुतः तसें नाहीं. लोखंड वितळण्यास सुमारें १५३५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. ज्योतीचें काम त्याच्या पुष्कळ अलीकडे, म्हणजे ९०० अंशांच्या सुमारास, लोखंड लालभडक होऊन नारिंगी छटेवर आलें कीं संपतें. अशा तापलेल्या जागीं शुद्ध प्राणवायूचा झोत सोडला म्हणजे लोखंड लाकडासारखें स्वतःच जळूं लागतें, आणि जळून झालेली पातळ मळी तोच झोत खालीं ढकलून देतो. तेव्हां कापणें म्हणजे एका रेषेंत जाळणें होय. बीड, स्टेनलेस पोलाद व ॲल्युमिनियम हे या रीतीनें कापले जात नाहींत, कारण त्यांच्यावर धरणारी मळी खुद्द धातूपेक्षां उशिरां वितळते व झोताची वाट अडविते. जुन्या नांगराचा बिडाचा भाग कटरनें कापूं पाहणाऱ्याचा प्राणवायु फुकट जातो, हें आधींच सांगून ठेवलेलें बरें.

आतां कटरची रचना. स्वीडनमध्यें फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानें १८९२ सालीं प्रायमस स्टो काढला. आपल्या घरांतून तो किती वर्षें फुरफुरत होता तें सांगावयास नको. गॅसची शेगडी आल्यावर तो माळ्यावर गेला. तो स्टो ज्यांनीं पेटविला आहे त्यांस कटर निम्मा समजला असें म्हणावयास हरकत नाहीं. खालीं टांकी, टांकीस हातपंप, पंपानें हवा भरली कीं तेल वर चढतें, हें दोहोंत सारखेंच आहे. फरक पुढें आहे. स्टोंत रॉकेल काकड्यानें तापविलेल्या नळ्यांतून जातांना तेथेंच वाफ होतें. पेट्रोलच्या या कटरांत तेल पातळ स्थितींतच रबरी नळीतून, मुठींतून, थेट नोझलपर्यंत जातें व त्याची वाफ नोझलच्या तोंडाशीं, त्याच्याच उष्णतेनें होते. दुसऱ्या नळीनें प्राणवायु येतो. त्याचे मुठींत दोन वाटे होतात. एक वाटा ज्योतीसाठीं, आणि दुसरा, खटका दाबला असतां सुटणारा, कापण्याच्या झोतासाठीं.

पेट्रोल शेवटपर्यंत पातळ राहतें ही या साधनाची मोठी जमेची बाजू आहे. ज्योतीस नळींतून मागें सरकावयाचें तर तिला जळणारी वाफ व हवा अशीं दोन्ही लागतात. भरलेल्या नळींत नुसतें पातळ पेट्रोल असतें, हवा नसते. म्हणून तेलाच्या नळींतून ज्योत टांकीकडे धांवण्याचें भय राहत नाहीं. मात्र हें म्हणणें नळी भरलेली असेल तोंपर्यंतच खरें. टांकींतील पेट्रोल संपत आलें कीं नळींत हवा शिरते, आणि ज्या गोष्टीवर भिस्त ठेवली तीच नाहींशी होते. यासाठीं टांकी रिकामी होईपर्यंत काम कधींही ओढूं नये. प्राणवायूच्या नळीस हा नियम लागू नाहीं. तिच्यांत मुठीजवळ एकमार्गी झडप बसविलेली असलीच पाहिजे, नाहींतर पेट्रोल उलट त्या नळींत शिरण्याचा संभव राहतो. त्याच कारणानें टांकींतील हवेचा दाब प्राणवायूच्या चालू दाबापेक्षां अधिक होऊं देऊं नये.

रॉकेलवर चालणारे कटर निराळे. रशियांत त्यांचा प्रसार बराच झाला. त्यांत रॉकेलची वाफ मुठीपुढील तापत्या नळींत आधीं करावी लागते, म्हणून ज्योत मागें फिरण्याचा धोका त्यांत उरतोच. एका तेलाकरितां बनविलेल्या कटरांत दुसरें तेल घालून पाहण्याचा प्रयोग कोणीं करूं नये. डिझेल मिसळून काटकसर साधण्याचा तर मुळींच नको.

पेट्रोलचा खरा धोका नळींत नसून जमिनीवर आहे. रॉकेल सांडलें व त्यावर जळती काडी पडली तरी तें लगेच पेटेल असें नाहीं. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखालीं ४० अंशांच्या थंडींतही पेट घेण्याइतकी निघत असते. ही वाफ हवेपेक्षां तीन ते चार पट जड आहे. ती उडून न जातां पाण्यासारखी उताराकडे सरपटते, खळग्यांत सांचते, आणि दूर कोठें चूल किंवा विडी भेटली म्हणजे तेथून आग घेऊन परत येते. यावरून जागा कशी असावी तें आपोआप ठरतें. जागा उघड्यावर, सपाट, कोरड्या मातीची असावी. विहिरींत, तळघरांत किंवा कोंदट छपरांत हा कटर नेऊं नये. विहिरींतील पाइप कापावयाचा असेल तर तो वर काढूनच कापावा. ठिणग्या व मळी लांबवर उडतात, म्हणून निदान ३५ फूट, म्हणजे सुमारें ११ मीटर, सभोंवारचा कडबा, पाचट, वैरण व गोवऱ्या दूर कराव्या. कडब्याची गंजी वाऱ्याच्या खालच्या अंगास असेल तर ३५ फुटांवरही विसंबूं नये. कापावयाचा जिन्नस सिमेंटच्या फरशीवर टेकवूं नये. तापलेल्या सिमेंटच्या कपच्या उडून डोळ्यांत जातात. खालीं विटा किंवा लोखंडी घोडी द्यावी.

प्राणवायूसंबंधीं आपल्या लोकांत फारच बेफिकिरी दिसते. हा वायु स्वतः जळत नाहीं म्हणून तो निरुपद्रवी, असा समज आहे. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा २१ असतें. तें थोडें जरी वाढलें तरी जी वस्तु धुमसत राहिली असती ती भडकते. आणि दाबाखालच्या प्राणवायूशीं तेल किंवा ग्रीज यांची गांठ पडली तर काडी न लावतांच स्फोट होतो. शेतकऱ्याचे हात पंपाच्या व ट्रॅक्टरच्या ग्रीजनें माखलेले असावयाचेच. म्हणून सिलिंडरला हात लावण्यापूर्वीं ते साबणानें स्वच्छ धुवावे, आणि त्याच्या पेंचांना, रेग्युलेटरला किंवा नळीच्या सांध्यांना तेलाचा थेंबही लावूं नये. पेंच कितीही घट्ट झाला असला तरी हाच नियम. प्राणवायूच्या झोतानें कपडे झटकणें किंवा उन्हाळ्यांत अंगावर गार वारा घेणें ही तर आत्महत्याच होय, कारण कपड्यांत मुरलेला वायु बराच वेळ तेथेंच राहतो व एका ठिणगीनें सबंध सदरा पेटतो.

आपल्याकडे कारखानी कामाचा प्राणवायूचा सिलिंडर काळ्या रंगाचा असतो. नेहमींच्या मोठ्या सिलिंडरांत सुमारें ७ घनमीटर वायु दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोंच्या आसपास दाबानें कोंबलेला असतो. तो उभा ठेवून सांखळीनें खांबास किंवा हातगाडीस बांधावा. आडवा पडून त्याची चावी मोडली तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. टोपण काढल्यावर चावी क्षणभर किंचित् उघडून धूळ उडवून द्यावी, त्या वेळीं तोंडासमोर कोणी नसावें. मग रेग्युलेटर बसवावा. त्याचा दाब ठरविणारा स्क्रू पूर्ण सैल आहे हें पाहूनच सिलिंडरची चावी अगदीं सावकाश उघडावी आणि आपण बाजूस उभें राहावें. एकदम उघडल्यास वायु आंत आपटून तापतो, व रेग्युलेटर जळण्याचें हें एक कारण आहे.

पेट्रोलची टांकी सिलिंडरपासून निदान ५ मीटर व कापणाऱ्यापासून निदान ३ मीटर दूर असावी. ती भरण्याचें काम त्याहून दूर, उघड्यावर, आसपास विस्तव नसतांना करावें. टांकी तीन चतुर्थांशापेक्षां अधिक भरूं नये, कारण दाबलेल्या हवेस जागा लागते. पेट्रोल गाळून घ्यावें. नोझलची भोकें बारीक असल्यामुळें कचऱ्याचा एक कण ज्योत वांकडी करतो. येथें एक नवी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आतां देशांतील पेट्रोलमध्यें शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि त्यांतील कांहीं आपल्याच उसाचें असतें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. तें मिश्रण महिनोन्महिने पडून राहिल्यास पाणी तळाशीं बसतें. शिवाय कित्येक साध्या रबरांस तें फुगवितें. म्हणून जुनें पेट्रोल वापरूं नये, आणि तेलाची नळी व टांकीची वायसर इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणारी आहे अशी खात्री विकणाऱ्याकडून करून घ्यावी. ॲसिटिलीनची लाल नळी किंवा फवारणीच्या पंपाची नळी या कामीं चालणार नाहीं.

टांकीचें झांकण लावून, कटरवरील सर्व चाव्या बंद आहेत हें पाहून पंप मारावा. दाब किती असावा हें कटरबरोबर आलेल्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. या जातीच्या हातपंपी कटरांत तो दर चौरस इंचास १० ते २० पौंड इतका बेताचा असतो. मग पांच मिनिटें कांहींएक न करतां थांबावें. या थांबण्याचा अनेकांस कंटाळा येतो, पण पातळ तेलाचा हाच फायदा आहे कीं त्याची गळती डोळ्यांस दिसते. प्रत्येक सांध्यावरून कोरडें फडकें फिरवावें. ओल लागली तर दाब सोडून, सांधा आवळून, पुन्हां सर्व पहिल्यापासून पाहावें. प्राणवायूची गळती दिसत नाहीं. तिच्यासाठीं तेलविरहित साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कां तें पाहावें. ही तपासणी पुरी झाल्यावर तें फडकें दूर टाकावें.

अंगावर सुती जाड कपडे असावे. नायलॉन किंवा टेरिलीन वितळून कातडीस चिकटतें. धोतराचा सोगा, गळ्यांतील उपरणें, सैल बाह्या या कामास नकोत. पायांत चामडी जोडे, हातांत कोरडे चामडी मोजे आणि डोळ्यांवर कापणाऱ्याचा काळा चष्मा हवाच. जवळ कोरड्या वाळूच्या दोन बादल्या, कोरड्या पुडीचें अग्निशामक नळकांडें आणि एक भरंवशाचा सोबती असावा. सोबत्यास टांकीचा दाब कसा सोडावा व सिलिंडर कसा बंद करावा हें आधीं दाखवून ठेवावें.

आतां पेटवणी. ॲसिटिलीनच्या टॉर्चमध्यें आधीं वायु सोडून पेटवितात व मग प्राणवायु देतात. पेट्रोलच्या कटरांत तसें केल्यास नोझलमधून पातळ तेलाची धार लागते, ती हातावर व जोड्यांवर पडते, आणि मग काडी. म्हणून येथें क्रम उलट आहे. ज्योतीच्या प्राणवायूची चावी प्रथम अगदीं थोडी, पाव आट्याइतकी, उघडावी. नंतर पेट्रोलची चावी तितकीच किंवा त्याहून कमी. प्राणवायूचा वारा तेलाचे बारीक तुषार करतो, आणि तुषार सुरू होतांच चकमकीच्या लायटरनें बाजूनें ठिणगी द्यावी. काडेपेटी नको, काकडा नको, दुसऱ्या तापलेल्या लोखंडावर धरून पेटविणें तर नकोच. नोझलचें तोंड खालीं व आपल्यापासून दूर असावें. वर धरल्यास न जळलेलें तेल मुठीवर ओघळतें. ज्या कटरच्या पुस्तिकेंत याहून निराळा क्रम सांगितला असेल त्या कटरला तोच क्रम पाळावा, कारण बनविणाऱ्यास त्याची आंतली रचना ठाऊक असते.

पहिली ज्योत पिवळी, धुराची व फडफडणारी असते, आणि मधून मधून थेंबही पडतो. येथें नवशिका गोंधळतो व स्टोच्या संवयीनें पंपाकडे वळतो. ज्योत मंद म्हणून दाब वाढविणें ही स्टोवरची रीत. येथें दाब वाढविल्यानें थंड नोझलमध्यें अधिक तेल येतें व भडका होतो. खरें कारण एवढेंच कीं नोझल अजून तापलेलें नाहीं. तें एखाद्या टाकाऊ जाड पत्र्याजवळ तिरकें धरावें, म्हणजे ज्योतीची आंच उलट नोझलवर येते. थोड्याच वेळांत आवाज बदलतो, फडफड जाऊन सरळ सूं असा सूर लागतो, पिवळेपणा नाहींसा होतो. मग दोन्ही चाव्या आळीपाळीनें थोड्या थोड्या वाढवून ज्योतीच्या आंतील लहान निळसर शंकु आंखूड व टोंकदार करावे. खटका एकदां दाबून पाहावा. झोत सोडल्यावरही ज्योत स्थिर राहिली म्हणजे कटर कामास तयार झाला. यानंतर कापण्याचें काम हाताच्या संथपणाचें आहे आणि तें जाणत्या कारागिराजवळ उभें राहूनच शिकावें.

ज्योत मध्येंच विझली तर पहिलें काम पेट्रोल बंद करण्याचें. लोखंड तापलेलें आहे, तें आपोआप पेटवील, असें समजून चावी उघडी ठेवल्यास वाफ पायाखालीं पसरते. पेट्रोल बंद करून क्षणभर प्राणवायु चालूं द्यावा, मग तोही बंद करून, सांडलेलें तेल सुकेपर्यंत थांबून पुन्हां पहिल्यापासून पेटवावें. नोझल फटफट वाजूं लागलें तर तें फार तापलें आहे, लोखंडास टेकलें आहे किंवा त्यांत कचरा आहे असें समजावें. मुठींत शिट्टीसारखा आवाज येऊन मूठ गरम लागली तर मात्र ज्योत आंत शिरली आहे. तेव्हां प्राणवायु तत्काळ बंद करावा, लगेच पेट्रोल बंद करावें, आणि तो कटर तपासून घेतल्याशिवाय पुन्हां लावूं नये.

काम संपल्यावर आधीं कापण्याचा झोत, मग पेट्रोल, आणि शेवटीं ज्योतीचा प्राणवायु या क्रमानें बंद करावें. मागाहून राहिलेला वायु नोझलमधील तेल उडवून देतो. सिलिंडरची मुख्य चावी बंद करून नळींतील वायु सोडावा, रेग्युलेटरचा स्क्रू सैल करावा. टांकीचा दाब कटर थंड झाल्यावर, विस्तवापासून दूर नेऊन सोडावा. गरम कटर शेजारीं असतांना टांकींत पुन्हां तेल ओतणें ही स्टोची दुसरी वाईट संवय. तिनें पूर्वीं पुष्कळ स्वयंपाकघरें पेटविलीं, आणि तीं रॉकेलवर होतीं.

या सर्वांपेक्षां अधिक आग्रहानें एक गोष्ट सांगावयाची आहे, कारण शेतकऱ्याच्या घरीं तोच मोह प्रथम होतो. कटर हातीं आला कीं रिकामें पिंप कापून जनावरांसाठीं पाण्याची दोण करावी असें वाटतें. रिकामें पिंप हें भरलेल्या पिंपापेक्षां अधिक घातक असतें. पेट्रोलची वाफ हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात असली कीं ती स्फोट पावते. २०० लिटरच्या पिंपांत तेवढें मिश्रण होण्यास तीन-चार चहाचे चमचे पेट्रोल पुरें होतें, आणि तेवढें तर पिंप उलथें करून ठेवलें तरी कडेच्या दुमडींत राहतें. डिझेलचें किंवा वंगणाचें पिंप थंड असतां कांहीं करीत नाहीं, म्हणून लोक फसतात. पण कटरच्या आंचेनें तेंच चिकटलेलें तेल वाफ होतें, आणि बंद पिंपाचा तळ उडून कापणाऱ्याच्या तोंडावर येतो. पाण्यानें धुतलें, उन्हांत वाळविलें, वास येत नाहीं, या कशावरही विश्वास ठेवूं नये. कीटकनाशकाचें पिंप असेल तर त्याचा विषारी धूर वेगळाच. दोण हवी असल्यास सिमेंटची घ्यावी. ट्रॅक्टरची डिझेलची टांकी, हवा भरलेल्या टायरची धाव, दोन्ही तोंडें बंद असलेला पाइप, हीं सर्व याच यादींत येतात. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कापतांना निघणारा पांढरा धूर हुंगल्यास थंडीताप भरतो; तो मुलामा कापण्याच्या रेषेवर आधीं घासून काढावा व वाऱ्याकडे पाठ करून न बसतां वारा आडवा घ्यावा.

पेट्रोल पेटलें तर त्यावर पाणी मारूं नये; पाण्यावर तरंगून तें आग पसरवितें. वाळू किंवा कोरडी पुडी टाकावी, व जमल्यास तेलाची चावी बंद करावी. अंगावर पेट्रोल सांडल्यास काम जागींच सोडून, विस्तवापासून दूर जाऊन कपडे बदलावे. भाजलेल्या जागेवर मात्र लगेच थंड वाहतें पाणी वीस मिनिटें धरावें. तूप, शाई, दंतमंजन यांपैकीं कांहीं लावूं नये, आणि तळहाताहून मोठा भाजा असल्यास दवाखाना गांठावा.

पेट्रोलचा सांठाही बेतानेंच ठेवावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें विक्रीसाठीं नसलेलें ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगतां येतें, परंतु तें योग्य भांड्यांत असलें पाहिजे. मोठें भांडें २५ लिटरांहून अधिक चालत नाहीं व कांचेच्या बाटलीस एक लिटरची मर्यादा आहे. कटरच्या कामास एका वेळीं चार-पांच लिटरांहून अधिक क्वचितच लागतें. तें घराबाहेर, सावलींत, प्राणवायूच्या सिलिंडरपासून वेगळ्या जागीं, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें कुलुपांत ठेवावें. कापण्याचें काम आटोपल्यावर त्या जागेवर तासभर कोणी तरी बसून राहावें, आणि उठण्यापूर्वीं कापलेल्या तुकड्यांखालची माती एकदां उलटून पाहावी.